अमोलच्या मापाची पाठ

माझ्या साखरपुड्यात सोनवणे काकांनी जिलबीला लाल स्टिकर लावला. ताटातल्या एका जिलबीला नाही हो, अख्ख्या परातीला! वर केटररला बाजूला घेऊन म्हणाले, "राव, पाक आत मुरलेलाच नाही. हा लॉट लायनीवर सोडू नका." माझे होणारे सासरे बघतच राहिले. आमचे शेजारी आहेत, मनानं फार चांगले आहेत, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली.

काका चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत होते. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे. हिरवा स्टिकर म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे रिजेक्ट. रिटायर होताना कंपनीनं घड्याळ दिलं, स्टिकरची रिळं मात्र ते हौसेनं मागून घेऊन आले. तेव्हापासून पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत काहीही सुरक्षित नाही. लिफ्टला पिवळा, चेअरमनच्या नोटिशीला लाल. भाजीवाल्या मावशी तर काका लांबून दिसले की टोमॅटोवर पोतं टाकतात.

एवढं मी सहन केलं असतं. पण मग बॅगेचं खूळ निघालं आणि त्यात माझी पाठ सापडली.

त्यांचा मुलगा अमोल जर्मनीत असतो. ताथवड्याला इंजिनिअरिंग करत होता तेव्हा त्यानं बापाला शब्द दिला होता, "बाबा, एकदा आपण दोघं सायकलवर दापोलीला जाऊ. ताम्हिणीचा घाट उतरायचा आणि थेट समुद्र गाठायचा." काका तरुणपणी सायकलवरूनच कामाला जायचे, पण सायकल समुद्रावरही नेता येते हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आलं ते मग गेलंच नाही. दोघांच्या दोन सायकली पार्किंगमध्ये उभ्या आहेत आणि दर रविवारी काका दोन्हींत हवा भरतात. तंबू आणि भांडी काकांच्या कॅरिअरवर, कपडे आणि खाणं अमोलच्या पाठीवर, असं सगळं ठरलेलं. अमोल रजेवर आला की निघायचं. अडलं होतं ते त्याच्या पाठीवरच्या बॅगेपाशी.

आता माझं नशीब बघा. अमोलची उंची, खांदे, सगळं हुबेहूब माझ्यासारखं. झालं! रविवार उजाडला की दारात काका. "राव, पाठ आण."

पाठ आण! बाकीचा मी आलो नाही तरी चालेल.

"पीस तपासायचा तर आधी फिक्स्चरमध्ये, म्हणजे मापाच्या पकडीत, बसवावा लागतो," त्यांनी मला एकदा समजावलं. "तू माझा फिक्स्चर." आठवडाभर माणच्या ऑफिसात लॅपटॉपपुढं मान मोडायची आणि रविवारी फिक्स्चर व्हायचं. बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली. तिचं काय जातंय!

पहिली बॅग आत पेपर कोंबून शॉवरखाली ठेवली. पेपरचा एक कोपरा ओला निघाला, लाल स्टिकर. दुसरी पाठीला चिकटून बसायची. "घाटात पोराच्या पाठीचं डबकं होईल," म्हणून तीही गेली. एकीत तर त्यांनी घरातले सगळे तांदूळ भरून ती बाल्कनीच्या ग्रिलला टांगली. पट्टा हलला नाही, ग्रिलच सुटून आली. त्या दिवशी काकूंनी काकांनाच रिजेक्ट केलं.

गणपतीच्या सुमाराची बॅग माझ्या चांगलीच लक्षात आहे. ती पाठीवर देऊन काकांनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि सर्व्हिस रोडचा एकही खड्डा न चुकवता हाणली. उतरलो तेव्हा चेन दोन बोटं उघडलेली. मणक्याचं काय झालं ते विचारू नका. "बघ! उद्या कस्टमरकडून परत आलं तर कुणाची बोंब होणार?" हे त्यांचं पालुपद. कस्टमर म्हणजे अमोल.

चिंचवडच्या दुकानदारानं एकदा हात टेकले. "काका, ही बॅग घेऊन लोक हिमालय चढतात!"

"ते चढतात. आम्हाला घाट उतरायचाय. ब्रेक मारला की सगळं वजन मानेवर येतं, त्याचं काय?"

सोसायटीत कुणीही विचारावं, "काय काका, दापोली कधी?" की उत्तर ठरलेलं, "बॅग मिळू दे." लोक मागून हसायचे. मीही वैतागून बोललो होतो, "काका, तिकडं पोरगा बिचारा वाट बघत असेल आणि तुम्ही इथं चेन ओढत बसलाय. कमाल आहे तुमची!" काका नुसतं "हं" म्हणाले आणि चेन ओढत राहिले. स्वयंपाकघरात काकूंनी कुकरचं झाकण जरा जोरात आपटलं.

परवाच्या रविवारी मात्र आक्रीत घडलं. करड्या रंगाची एक बॅग पाण्यातून, तांदळातून, खड्ड्यांतून सहीसलामत बाहेर आली. शेवटची परीक्षा डब्याची. अमोलला आवडतात त्या शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा बॅगेत उभाच्या उभा बसला पाहिजे. आडवा ठेवला की चुरा होतो. काकांनी डबा सोडला. मापात बसला! छातीवरचं बकल त्यांनी खटकन लावलं, मला दोनदा गोल फिरवलं, खिशातून रीळ काढलं आणि हिरवा स्टिकर थेट माझ्या खांद्यावरच्या पट्ट्याला डकवला.

"पास!" मी ओरडलो. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. आणि तेवढ्यात अमोलचा व्हिडिओ कॉल.

"बाबा, सॉरी. या वेळेलाही रजेचं जमत नाहीये. मी खूप प्रयत्न केला..."

काकांनी फोन डाव्या हातात घेतला. उजव्या हाताच्या नखानं ते माझ्या खांद्यावरचा हिरवा स्टिकर सोलत होते. "अरे, बरं झालं आधीच सांगितलंस. बॅग कुठं पास झालीय अजून? तू आला असतास तर माझीच पंचाईत होती." हिरवा निघाला, तिथं लाल बसला.

"अजून नाही?" अमोलचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बाबा, तुम्ही पण ना!"

गणपतीत चेन गेली होती, दिवाळीत कुठलीशी शिवण. आणि अमोल गणपतीतही आला नव्हता, दिवाळीतही नाही. अख्ख्या सोसायटीनं नावं ठेवली ती काकांच्या खुळाला. पोराला कुणी शब्दानं बोललं नाही. मी केवढं तोंड सोडलं होतं या माणसावर!

"नीलेश," फोनमधून अमोल विचारत होता, "खरंच खराब आहे का रे बॅग?"

काका माझ्याकडं बघेनात. काकू बघत होत्या. मी बकलाला हात घातला. लोखंडासारखं पक्कं होतं.

"बकल लूज आहे रे," मी म्हटलं. "घाटात दगा देईल."

फोन ठेवल्यावर काका थोडा वेळ रीळ गुंडाळत बसले. मग उठून कोपऱ्यातला पंप उचलला. "राव, तू क्वालिटीत पाहिजे होतास," म्हणाले आणि जिना उतरायला लागले. दोन्ही सायकलींत हवा भरायची होती.

बॅग तशीच पाठीवर घेऊन मी त्यांच्यामागं खाली गेलो.