बेचाळीस नंबरची सुपारी

आमच्या ऑफिसात परब रोज सकाळी साडेसातला एका टेबलावर चिमूटभर तांदूळ ठेवतो, तांदळावर सुपारी मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि मग खाली चहा प्यायला जातो. ऑफिस साडेनऊला सुरू होतं. हे सगळं तो भक्तीने करत नाही, जागा अडवायला करतो.

ऑफिस विम्याचं आहे. मी पॉलिसीच्या कागदांचं मराठी करतो, परब दाव्यांच्या फायली तपासतो. वीस वर्षं दादरच्या एका जुन्या इमारतीत आम्ही समोरासमोर बसलो. परबच्या टेबलावर काच होती. काचेखाली तीन देव, कोकणात जाणाऱ्या आणि केव्हाच बंद पडलेल्या बोटीचं वेळापत्रक, आणि पुतण्याचा बालवाडीतला फोटो. त्या पुतण्याचं आता टक्कल पडत आलं आहे. "जागा ठरली की डोकं ठरतं," असं परब दिवसातून चारदा म्हणायचा. डोकं ठरत असेलही. हात मात्र थांबलेलाच असायचा.

मग कंपनी लोअर परळच्या एका काचेच्या मनोऱ्यात गेली. तिथे कुणालाच स्वतःचं टेबल नाही. मोबाइलवर रोज जागा नोंदवायची, दहापर्यंत पोचला नाहीत तर ती दुसऱ्याची. रोज नव्या जागी बसलं की मन ताजं राहतं आणि काम वाढतं, असं एका सल्लागाराने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. तो हे उभ्याने सांगत होता, कारण त्याला बसायला जागा मिळाली नव्हती. लक्ष लागावं म्हणून काचेची एक 'शांतता खोली'ही आहे. तिच्यातला माणूस बाहेरच्या पन्नास जणांना दिसतो, त्यामुळे तिथे सगळे फक्त एकाग्र दिसण्याचं काम करतात. कल्पना सुचाव्यात म्हणून जमिनीवर मऊ गाद्या आहेत. आमच्या वयाच्या माणसाला त्यांत बसता येतं, उठता येत नाही.

परबने पहिल्याच दिवशी, एसटीत टाकतात तसा, खिडकीजवळच्या बेचाळीस नंबरवर रुमाल टाकला. एचआरच्या रिया मॅडमनी मेल काढला, आसनांवर वैयक्तिक वस्त्रे ठेवू नयेत. परबने डबा ठेवला. मेल आला, वस्तूही नकोत. तिसऱ्या दिवशी सुपारी आली.

सुपारी कोण उचलणार? सफाईवाला तिच्याभोवतून फडकं फिरवायचा. बेचाळीस नंबर रीतसर नोंदवलेला एक तरुण टेबलापाशी आला, त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं, नमस्कार केला आणि तो शांतता खोलीत गेला. शेवटी रिया मॅडम स्वतः आल्या.

"परब सर, हे कधीपर्यंत?"

"विसर्जनापर्यंत, मॅडम."

"आणि विसर्जन?"

"साडेपाचला."

ऑफिस साडेपाचलाच सुटतं. तेव्हा तो खरोखरच अक्षता वाहायचा, सुपारी जरा हलवायचा, 'पुनरागमनाय च' म्हणून तिला पुन्हा यायचं आवतण द्यायचा आणि कंपासपेटीत टाकायचा.

"मेल्या, तू त्रेचाळीस घे," तो मला म्हणायचा. "आणखी एक सुपारी मला जड नाही." मेल्या तो सगळ्यांना म्हणतो, साहेबांनाही, फक्त मनात. पण मी रोज मुद्दाम लांबचं टेबल नोंदवायचो. त्याचं बडीशेप चघळणं, फायलींशी बोलणं आणि टेबलाखाली पाय हलवणं वीस वर्षं सोसल्यावर त्या सल्लागाराचे मी मनातून आभार मानत होतो. डबा उघडताना परब विचारायचा, "आज पण लांब मिळाली?" मी म्हणायचो, "काय करणार, मोबाइल देईल ती." हे खोटं त्याला कळत असावं.

मार्चमध्ये माझी बायको गेली. मी महिनाभर गिरगावच्या घरीच होतो. दिवसकार्य झाल्यावर तिथूनच काम करून पाहिलं. मध्येच येऊन चहा गार झाला म्हणणारं कुणी नव्हतं. लक्ष लागायला हवं तसं सगळं होतं, आणि एका परिच्छेदाचं मराठी करायला मला दोन दिवस लागले.

परत गेलो त्या सकाळी मोबाइलवर एकही जागा मोकळी दिसेना. बॅग धरून मी दाराशीच उभा राहिलो. खिडकीकडून परबने हात केला.

"ये रे, मे..." उरलेला शब्द त्याने गिळला. "ये. बस."

त्रेचाळीस नंबरवर तांदूळ होते, सुपारी होती.

"आज ठेवलीस?"

उत्तर मागून रिया मॅडमनी दिलं. "आज नाही सर, महिनाभर ठेवतायत. इथे लोकांना सीट मिळत नाही आणि हे दोन-दोन अडवतात. मेमो दिलाय मी."

"चौतीस वर्षांतला पहिला," परब म्हणाला. साहेबांसमोरून जाताना हा माणूस बुटांचा आवाजही होऊ देत नाही. निवृत्तीला आठ महिने उरलेत.

मॅडम गेल्यावर मी विचारलं, "मेमो कशाला घेतलास रे?"

तो फाईल उघडत म्हणाला, "डिलाईल रोडला आमची एकच खोली. भाऊ, वहिनी, पुतण्या, सून, दोन पोरं, आणि मी एकटा. मी घरात शिरलो की सगळे सरकून मला जागा करतात. चांगली माणसं आहेत. पण रोज सरकतात रे." त्याने पान उलटलं. "तू येशील तेव्हा तुझ्यासाठी कोणाला सरकायला लागू नये, म्हटलं."

मी खुर्ची ओढली.

"तू आलास, आता हिचं काम झालं," म्हणत त्याने अक्षता वाहिल्या आणि सुपारी हलवली. 'पुनरा' एवढंच म्हणाला, माझ्याकडे पाहिलं आणि थांबला.

"म्हण," मी म्हटलं.

त्याने ते हळू आवाजात पुरं केलं. मग बडीशेप तोंडात टाकली, फायलीशी काहीतरी बोलला, टेबलाखाली पाय हलवायला लागला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझी दोन पानं झाली.