खंडेरायाची मस्टँग

या, अंमळ पुढं सरकून बसा. एक कथा सांगतो. पोटभर हसा, देवाचं नाव आलं की तेवढे हात जोडा.

दोन हजार सहा सालची चंपाषष्ठी. सिंगापूरला टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये प्रबोधचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जमवणाऱ्यांच्या क्लबानं प्रदर्शनात त्याला जागा दिली होती. गाडी मात्र एकच! क्लबचे टॅनसाहेब ती न्यायला निघालेसुद्धा होते. सदुसष्टची मस्टँग की सदुसष्टचीच कॅमारो, यावर आठवडाभर फोनवर खल होऊन पांढरीशुभ्र मस्टँग ठरली होती.

"आधी आली ती मस्टँग! कॅमारो मागून आलेली नकलाकार!" प्रबोध बायकोला सांगत होता.

"अहो, पण..." विनीता चाचरली, "मस्टँग आईंनी देवापुढे नेलीय."

कमलाबाई, प्रबोधची आई, पुण्याहून आलेल्या. मस्टँगच्या जाळीवर त्यांना धावता घोडा दिसला. घोडा म्हणजे खंडेरायाचं वाहन! घातला मूठभर भंडारा. प्रबोधनं ओलं फडकं फिरवलं, तशी हळद पांढऱ्या रंगात आणखीच मुरली.

"आई, अगं काय केलंस हे!"

"सोनं केलं गाडीचं! दुसरीवर घोडा नाही, म्हणून तिला हात नाही लावला हो."

तेवढ्यात बेल वाजली. प्रबोधनं कॅमारो थेट टॅनसाहेबांच्या हातातच ठेवली.

"मिस्टर टॅन, टेक कॅमारो! झाकलेले हेडलाइट्स बघा! काय रुबाब! मस्टँग काय, कुणाकडेही असते!"

"अय्यो, यस्टर्डे यू से कॅमारो नो क्लास लाह!"

एवढ्यात त्यांना देव्हाऱ्यापुढची पिवळीजर्द मस्टँग दिसली. प्रबोधनं डोळे मिटले. टॅनसाहेबांनी मात्र कॅमारो काखेत धरून हात जोडले. "दिस वन फॉर गॉड? देन कॅनॉट मूव्ह. कॅमारो कॅन."

प्रबोधचा जीव भांड्यात पडला. इकडे कमलाबाईंना गहिवरून आलं. "बघ रे, किती भाव आहे या माणसाचा! येळकोट येळकोट जय मल्हार!"

आणि दुसरी मूठ उधळली. थोडी टॅनसाहेबांच्या कपाळावर, बाकी सगळी कॅमारोवर.

टॅनसाहेब सणसणीत शिंकले. एकदा ही गाडी पाहिली, एकदा ती.

"नाऊ सेम-सेम. हाऊ टू चूज? गॉड ऑल्सो कम शो, बोथ टेक लाह. अँड आंटी, डोन्ट वॉश!"

मंडळी, आपली गाडी मोठी असो की तळहाताएवढी, पुजाल तेव्हा त्या टॅनसाहेबांची आठवण काढा. काखेत दोन पिवळ्या गाड्या घेऊन ते बिशानपर्यंत एमआरटी मेट्रोनं गेले; सगळा डबा बघत होता, पण कपाळावरचा भंडारा काही त्यांनी पुसला नाही.