माहितीकाकांचा घरचा नंबर

माहितीकाकांनी माहितीपत्रकात स्वतःच्या घरचा फोन नंबर टाकला, तेव्हा त्यांच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. मनात एवढंच होतं, की हे वाचतंय कोण!

माहितीपत्रकं लिहिण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं. त्यांचं लिखाण पहिल्या पानापुढे कोणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं. बायको होती तोवर ती निदान वाचायची आणि चुका काढायची. ती गेल्यावर चुकाही तशाच राहू लागल्या.

या खेपेचं टूल, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, टीव्ही मालिकांच्या भागांची यादी शोधून देणारं होतं आणि ते माणसांसाठी नव्हतंच. माणसाने मोबाइलमधल्या एआय सहाय्यकाला विचारायचं, सहाय्यकाने टूलला. ते टूल कसं वापरायचं, हे सहाय्यकाने माहितीकाकांच्या पत्रकात वाचायचं. 'भाग सापडला नाही तर' या कलमात मदतीचा नंबर हवा होता.

"मॅडम, मदत केंद्राचा नंबर काय टाकू?" काकांनी ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंना विचारलं.

"अजून मिळायचाय, काका. तात्पुरता कुठलातरी टाका, नंतर बदलू."

'नंतर बदलू'चा अर्थ नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. काकांना पाठ असलेला नंबर एकच होता, तो त्यांनी टाकला. पण हा वाचक वेगळा निघाला. त्याने शब्दन्‌शब्द वाचला आणि वर खरा मानला.

पहिला फोन आला तेव्हा काका भांडी घासत होते. घरचा फोन इतक्या दिवसांनी वाजला, की ते आधी जाऊन दार उघडून आले.

"मोठ्या सुनेची मेमरी जाते तो भाग कुठला हो?" पलीकडे एक बाई विचारत होत्या.

"आपण कोण?"

"मी रिटायर्ड नर्स. मोबाइल म्हणाला, यादीत सापडत नाही, या नंबरवर विचारा. पहिल्यांदा जाते तो नको हं, दुसऱ्यांदा जाते तो."

काकांनी राँग नंबर म्हणून फोन ठेवायला हवा होता. पण त्या घरात त्यांच्याशी कोणी बोलल्याला फार दिवस झाले होते.

"बघून सांगतो," ते म्हणाले. "उद्या याच वेळी करा."

आणि ते खरंच मालिका बघत बसले. टूलकडची यादीच अर्धवट होती, त्यामुळे फोन वाढत गेले. एका ट्रक ड्रायव्हरला खुनी कोण ते आधीच हवं होतं. एका आजोबांना नातीसाठी सशाचं कार्टून हवं होतं, पण ससा रडतो तो भाग वगळून. काका जेवायच्या सुट्टीत घरी पळू लागले. नर्सबाई तर रोज ठरल्या वेळी हजर.

"वकिलाने मोठ्या सुनेला वाचवलं ना, त्याच्या पुढचाच भाग," काका एकदा सांगून गेले.

"छे हो, तेव्हा वकील मेलेला होता!" बाई म्हणाल्या. चूक काढलेली काकांना बरी वाटली.

इकडे ऑफिसात टूलबद्दल एकही तक्रार येईना. वरचे साहेब खूश झाले आणि त्यांनी टूलमध्ये आणखी मालिका घातल्या. काकांचा फोन तापू लागला. मग एक दिवस मॅडम त्यांच्या टेबलाशी आल्या.

"काका, लोक म्हणतात तुमचं फोनवरचं एआय अगदी माणसासारखं बोलतं. मध्येच खोकतंसुद्धा! आपल्याकडे फोनवरचं एआय आहे कुठे? आणि पत्रकातला हा नंबर कुणाचा?"

काका खोकले.

मॅडम खुर्चीचा आधार घेऊन हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आजच्या आज काढा. मदत केंद्राचा नंबर आलाय."

काकांनी नंबर काढला. सहाय्यकांनी तेही इमानदारीने वाचलं आणि त्या दिवसापासून फोन थंड पडला. घर पूर्वीइतकंच गप्प होतं, पण आता ते काकांना सोसवेना. नर्सबाईंच्या वेळेला ते रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते बघत. बाईंचा नंबर त्यांनी कधी विचारलाच नव्हता, आणि त्या जुन्या फोनवर तो दिसायची सोय नव्हती.

असाच एकदा त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि फोन वाजला.

"अहो, मोबाइल म्हणतो तो नंबर चुकून दिला होता, पुन्हा करू नका," नर्सबाई म्हणाल्या. "चार दिवस गप्प बसले. मग म्हटलं, त्याला काय कळतंय?"

"मी आता भाग सांगायचं काम करत नाही, बाई," काका घाईघाईने म्हणाले. लगेच त्यांना वाटलं, आता ही फोन ठेवणार.

"भाग मला सगळे पाठ आहेत हो."

"मग रोज विचारत का होतात?"

"तुम्ही बघून बघून सांगत का होतात?"

मग बाईंनीच घसा साफ केला. "बरं, वकील मरतो तो भाग कुठला?"

काकांना तो तोंडपाठ होता.

"थांबा हं, बघून सांगतो," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढून घेतली.