तांग्याचे एक चाक

दिपोटीसाहेब शाळा तपासायला साडेदहाला यायचे होते आणि पावणेबारा झाले तरी त्यांचा पत्ता नव्हता. श्रीपादमास्तर चौथ्यांदा फळा पुसत होते. नेहमीची तपासणी असती तर मास्तर इतके घामाघूम झाले नसते. पण या खेपेला त्यांच्याविरुद्ध अर्ज गेला होता. अर्ज खरा ठरला की नोकरी गेलीच म्हणून समजा.

आता अर्ज जाण्यासारखे मास्तरांनी केले तरी काय होते? देवासात गाव एक आणि राज्ये दोन. रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी, आणि हद्द भर रस्त्याच्या मधून. राजेलोक आपापल्या जागी सुखात होते. पोरे मात्र शाळा सुटली की हद्दीवरून एकमेकांवर दगड भिरकावीत. एका पोराचे कपाळ फुटले तेव्हा मास्तरांना राहवेना. पण ‘दगड मारू नका’ म्हटल्याने पोरे ऐकतील, इतके काही ते भोळे नव्हते. त्यांनी पोरांना सरळ लढाईचे नियमच शिकवले. कुरुक्षेत्रावर आधी नियम ठरले आणि मग शंख वाजले. आता विलायतेकडची राज्येही तसेच नियम ठरवू लागलीत, वर्तमानपत्रात आले आहे, असे त्यांनी सांगितले. शरण आला त्याला मारायचे नाही. जखमी कुणाचाही असो, आधी पाणी. शत्रूचा माणूस आपल्या हद्दीत सापडला तर कैद करा. पण त्याचा मान राखा, आपल्याआधी त्याला जेवू घाला. शाळा थोरल्या पातीची; पण एकाच पक्षाला ठाऊक असलेले नियम काय चाटायचेत? म्हणून संध्याकाळी धाकट्या पातीच्या पोरांनाही मारुतीच्या पारावर बसवून त्यांनी ते पाठ करून घेतले.

आणि एके दिवशी थोरल्या पातीच्या उदाजीने धाकट्या पातीच्या संताजीला भिंतीशी गाठले. संताजी ‘शरण’ म्हणाला आणि उदाजीने हातातला दगड टाकून दिला. उदाजीचे आजोबा हंबीरराव, जुने घोडेस्वार, हे ऐकून खवळले. “हाती आलेला शत्रू आमच्या घराण्यात कुणी सोडला नाही. मास्तर पोरं मेणाची करतोय!” असा अर्ज त्यांनी ठोकला होता.

तेवढ्यात उदाजीच धापा टाकत आला. “मास्तर, घात झाला! दिपोटीसाहेब गिरफ्तार!”

“कुणी केलं?”

“संताजीनं. समोरून बैलगाडी आली, तांगेवाल्यानं बाजू दिली, आणि तांग्याचं एक चाक त्यांच्या हद्दीत गेलं.”

“अरे, एकच ना?”

“पण साहेब त्याच बाजूला बसले होते!”

मास्तरांनी खांद्यावरचे पांढरे उपरणे छडीला बांधले आणि दूत होऊन धावले. संताजीच्या ओट्यावर दिपोटीसाहेब घडी घातलेल्या घोंगडीवर बसले होते. एक पोर वारा घालत होते. साहेबांची पगडी वेगळ्या पाटावर मानाने ठेवली होती.

“संताजी, सोड त्यांना!”

“मास्तरसाब, आप दूत हो, पहले बैठो,” संताजी म्हणाला. “साहेबांच्या बदल्यात बराबरीचा कैदी द्या, मग नेऊन टाका.”

“मला ठेव.”

पोरांनी बाजूला जाऊन खलबत केले. “नाही जमत, मास्तर. तुम्ही बराबरीचे नाही.”

दिपोटीसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “हे सगळं तुम्ही शिकवलंत?”

“हो साहेब,” मास्तर म्हणाले. खोटे बोलायचे त्यांच्या मनातही आले नाही. आता आपली नोकरी काही राहत नाही, एवढे मात्र त्यांना कळून चुकले.

इतक्यात रस्त्यावर गर्जना झाली. “सोडा साहेबांना, नाहीतर एकेकाला कापून काढतो!” हंबीरराव तलवारीची मूठ ओढत येत होते. गंजामुळे ती म्यानातून निघत नव्हती, आणि तिच्याकडे बघता बघता हंबीररावांचा पाय गाडीच्या चाकोरीत मुरगळला. म्हातारा धाडकन पडला, तो नेमका धाकट्या पातीत. पोरांच्या हातांत दगड होतेच.

“पत्थर नीचे!” संताजी ओरडला. “आजोबा जखमी आहेत!”

त्याने मास्तरांच्या छडीचे उपरणे सोडून फाडले, हंबीररावांचा पाय मांडीवर घेऊन बांधला आणि लोटा पुढे केला. म्हाताऱ्याने त्याला निरखून पाहिले.

“शरण म्हणालेला तो तूच ना रे?”

“जी आजोबा. उदाजीभैयाने छोड दिया था.”

हंबीरराव पाणी प्यायचे विसरले. दिपोटीसाहेबांनी खिशातून कागद काढला. “हंबीरराव, अर्ज माझ्याजवळ आहे. तक्रार कायम?”



“सत्तावनच्या गदरच्या साली मी एकोणीस वर्षांचा होतो,” हंबीरराव खालच्या आवाजात म्हणाले. “माझ्यापुढं एकानं हात जोडले होते, साहेब. मला कुणी काही शिकवलं नव्हतं.” मग त्यांनी हातातला लोटा खाली ठेवला. “तक्रार कायम आहे. फक्त बदलून लिहा. असा मास्तर आम्हाला का मिळाला नाही, एवढीच लिहा.”

मास्तरांना एकदम भरून आले. डोळे पुसायला त्यांनी खांद्यावर हात नेला, तर उपरणे हंबीररावांच्या पायाला. दिपोटीसाहेबांनी अर्जावर दोन ओळी खरडल्या आणि कागद मास्तरांच्या हाती दिला. ‘नियम सर्व वर्गांस शिकवावेत. मास्तर हेच राहावेत.’

संताजीलाही उमाळा आला. “मास्तर, साहेबांना बिनबदल्याचं मोकळं केलं. घेऊन जा.”

दिपोटीसाहेब मात्र जागचे हलले नाहीत. आत संताजीची आई भवानीबाई गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, बाफले, तुपात बुडवत होती आणि वास थेट ओट्यावर येत होता.

“कैद्यानं आधी जेवायचं, असाच नियम ना?” त्यांनी विचारले.

“जी, साहेब.”

“मग सुटकेची एवढी घाई कशाला?” म्हणत साहेब घोंगडीवर मांडी ठोकून नीट बसले आणि तांगेवाल्याला हाक मारली, “अरे, ते दुसरं चाकही घे इकडे!”