पलीकडे जायचंय

बाबा काठी टेकत फाटकापर्यंत गेले, रस्त्याकडे बघत उभे राहिले आणि आल्या पावली परत फिरले. सुनेने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

"आजपण नाही गेले," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. त्यांनी मान खाली घातली. गल्ली अरुंद आणि एकेरी होती. पलीकडच्या तळमजल्यावर बाबांचे एक जुने मित्र राहत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. त्यांचे पाय गेले होते आणि फोनवर त्यांना धड ऐकू येत नसे, म्हणून रोज संध्याकाळी बाबाच त्यांच्याकडे जात. पण चौकातला सिग्नल चुकवायला लोक या गल्लीतून गाड्या हाणायला लागले आणि एकदा एका गाडीचा आरसा बाबांच्या कोपराला चाटून गेला. लागलं काहीच नाही, पण त्यांचा धीर सुटला तो सुटलाच. मुलाचा हात धरून रस्ता ओलांडायला ते तयार नव्हते.

"तुला चालायला मी शिकवलंय," एवढं म्हणून ते विषय संपवत.

"काकांची मुलगी रविवारी त्यांना कायमचं तिच्याकडे नेतेय," सून म्हणाली. "मग भेट कसली नि काय! तुम्ही गावाला गाड्या शिकवता. दारातल्या गाड्या तेवढ्या हळू करता येत नाहीत?"

मास्तर नगरपालिकेच्या कचेरीत गेले आणि गतिरोधक मागितला. साहेबांनी आस्थेने सगळं ऐकून घेतलं. "एखादा अपघात झालेला असला ना, की काम पटकन होतं," ते म्हणाले. मास्तरांच्या डोळ्यांपुढे बाबांचा चेहरा आला. ते नमस्कार करून बाहेर पडले.

परत येताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या विद्यार्थ्यांहून हळू चालणारी वस्तू या शहरात दुसरी नाही! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकूण एक विद्यार्थी आपल्याच गल्लीतून न्यायला सुरुवात केली. विद्यार्थी पहिल्या गिअरमध्ये, घामाघूम होऊन, देवाचं नाव घेत पुढे सरकत. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमत आणि मुकाट्याने मागोमाग येत, कारण एकदा आत शिरल्यावर वळायला जागाच नव्हती. गल्लीत कधी नव्हे ती माणसं शांतपणे बोलायला लागली. बाबाही रोज फाटकाबाहेर एकेक पाऊल जास्त टाकू लागले आणि मास्तरांची मान ताठ झाली.

पण चांगली गोष्ट लपून राहत नाही हीच तिची खोड. शहरातल्या बाकीच्या मोटार शिकवणाऱ्यांना कळलं की या गल्लीत कोणी जोरात येत नाही, नवशिक्यांना सोयीची आहे. तेही आपापली मंडळी घेऊन हजर झाले. शिकाऊ गाडीमागे शिकाऊ गाडी, एक बंद पडली की सगळ्या बंद. शनिवारपर्यंत गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्याच गाड्या झाल्या.

"आधी दोन गाड्यांच्या मध्ये निदान माणूस मावायचा," बाबा फाटकातून म्हणाले. "आता काठीसुद्धा मावत नाही. राहू दे रे. नसेल भेट नशिबात."

ते रागावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

रविवारी मास्तर दातांच्या डॉक्टरीणबाईंना शिकवत होते आणि नेमकी आपल्याच दारासमोर गाडी बंद पडली. मागे रांग लागली. घड्याळकाकांना न्यायला आलेली टॅक्सीही त्याच रांगेत अडकली होती. पलीकडे खिडकीत काका कोट घालून बसलेले दिसत होते.

"क्लच दाबा. घाबरू नका," मास्तर म्हणाले.

"घाबरत नाहीये हो, सर. पाय घाबरतोय."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आधी काठी आत आली, मागून बाबा.

"अहो आजोबा, कोण तुम्ही?" बाई किंचाळल्या. "सर, हे कोण?"

"माझे वडील," मास्तर म्हणाले. "बाबा, कुठे निघालात?"

"पलीकडे," बाबा म्हणाले. सीटवर सरकत सरकत ते दुसऱ्या दारापाशी पोचले, दार उघडलं आणि उतरले. "चालू दे तुमचं."

मागोमाग शेजारच्या शिंपीणकाकूंनी कापडाचा गठ्ठा आत लोटला. "दार उघडंच राहू द्या, मास्तर. मलापण जायचंय."

मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. खिडकीशी दोन म्हातारे, एक बाहेर उभा, एक आत बसलेला, एकमेकांचे हात धरून होते. काका काहीतरी सांगत होते आणि बाबा मान हलवत होते.

इकडे काकू उतरल्या, दारं लागली आणि बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. गचका नाही, धक्का नाही. गाडी अलगद हातभर पुढे सरकली. मागची टॅक्सीही तेवढीच पुढे आली.

"सर! जमलं!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्यांदाच जमलं हो!"

मास्तरांनी एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा आरशातल्या टॅक्सीकडे.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मघाशी बंद पाडलीत, तशीच परत पाडा बरं."

"अहो, आत्ताच तर—"

"पाडा."

बाईंनी क्लच सोडून दिला. गाडीने उडी मारल्यासारखं केलं आणि बंद पडली. मागे अख्ख्या गल्लीने हॉर्नवर हात ठेवला.

"शाब्बास," मास्तर म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.