एकरंगत्वाचा दाखला

प्रत्येक वाहनाला एक इंजिन, एक क्रमांक आणि एक रंग असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ब्राह्मणपुरीच्या छगनराव पाटलांचीही तीच समजूत होती, आणि त्यांच्या समजुती सहसा लेखी असत. तीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. अर्जावर सही एका शाईत आणि तारीख दुसऱ्या शाईत दिसली, की तो अर्ज ते दोन बोटांत धरून परत करत. त्यांच्या मते तो अर्जच नव्हता, दोन अर्धे अर्ज होते. निवृत्तीनंतर त्यांनी चारचाकी घेतली. रंग चकाकणारा, मेटॅलिक. नोंदणीच्या कागदावर स्वच्छ अक्षरांत छापलेलं होतं : चंदेरी.

गाडी मंगळवारी सकाळी अंगणात आली. त्यांच्या पत्नी धनुबाई यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, दोन पावलं मागे सरून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आहो, हाई दार येगळं दिखी ऱ्हायनं."

"येगळं म्हंजे?"

"बोनट चांदीनं, दार शिसानं. आनि मांगली बाजू दखा, पितळनागत पिवळी."

छगनरावांनी चष्मा पुसला. बोनट चांदीचं होतं. दार शिशाचं होतं. मागची बाजू, नाही म्हटलं तरी, पितळेची होती. कागद एक बोलतो आणि पत्रा तीन बोलतो, हे त्यांनी उभ्या हयातीत खपवून घेतलं नव्हतं.

धनुबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष रविवारकडे होतं. त्यांचा भाऊ भिकन अक्कलकुव्याला राहायचा आणि रविवारी त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सव्वीस वर्षं त्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर पिशवी घेऊन माहेरी गेल्या होत्या. या खेपेला त्या गाडीतून उतरणार होत्या. सावकाश उतरणार होत्या. भावजयीला आतली सीटकव्हरं नीट दिसावीत म्हणून दार क्षणभर उघडंच ठेवायचं, हेही ठरलं होतं.

"गाडी कोन्ता बी रंगनी ऱ्हावो," त्या म्हणाल्या, "मी मजार बठसू, भाईर नही."

पण छगनराव तोवर कोरा कागद घेऊन बसले होते.

जिल्ह्यात वाहनवर्ण पडताळणी कक्ष नावाचं एक कार्यालय होतं. स्थापनेपासून चार वर्षांत तिथे एकही अर्ज आला नव्हता. बुधवारी छगनरावांचा अर्ज पोचला तेव्हा कक्षातल्या लोकांना गहिवरून आलं. 'सदर वाहन चंदेरी असल्याचे नमूद असून प्रत्यक्षात ते भागनिहाय भिन्न आढळते, तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी,' हे वाक्य कक्षप्रमुख नवलसाहेबांनी दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. मग आवारातच तपासणी झाली. एकाच्या मताचा दुसऱ्यावर परिणाम नको म्हणून एक निरीक्षक गाडीपुढे, एक दाराशी आणि एक मागे असे उभे केले. तीन बंद पाकिटं आली. पहिल्यात चंदेरी, दुसऱ्यात राखाडी, तिसऱ्यात सोनेरी.

नवलसाहेब गंभीर झाले. "पाटील, तुमच्या एका क्रमांकावर तीन गाड्या आहेत."

"एकच आहे साहेब. ही काय समोर."

"ही सापडली, मान्य. बाकीच्या दोन कुठे आहेत?"

छगनरावांनी मान डोलावली. प्रश्न नियमाला धरून होता. एका अर्जावर तीन हस्ताक्षरं आली असती, तर त्यांनीही हेच विचारलं असतं. बाकीच्या दोन सापडेपर्यंत ही गाडी आवारातल्या निंबाखाली लावून ठेवावी, असा आदेश निघाला. निंबाखाली लावताच ती हिरवट दिसू लागली. तातडीने पुरवणी अहवाल जोडला गेला.

गुरुवारी तासागणिक पाहणी झाली. छगनरावांनी स्वतः पट्टी धरून तक्ता आखून दिला : आडवे तास, उभे भाग. चांगला तक्ता दिसला की त्यांचं मन आजही हळवं व्हायचं. सकाळी आठला गाडी निळसर होती, बाराला पांढरीफेक, पाचला तांबूस. तीनच्या सुमारास सूर्यावर ढग आला, त्या रकान्यात 'निरंक' लिहावं लागलं. दुपारनंतर निरीक्षकांचे रंग संपले. एकाला साड्यांच्या दुकानात पाठवून अबोली, मोतिया, अंजिरी, श्रीखंडी अशी नावं आणवली. संध्याकाळी बेरीज झाली. छगन पाटील यांच्या नावे तेवीस गाड्या निघाल्या.

बातमी ब्राह्मणपुरीला त्यांच्या आधी पोचली. शुक्रवारी सकाळी शहाद्याहून एका लग्नघराचा फोन आला, वरातीला फक्त अकरा द्या, बाकीच्या बारा तुम्ही वापरा. दुपारी चौकशीचं पत्र आलं : निवृत्त कारकुनाने तेवीस गाड्या कशा जमवल्या, याचा खुलासा प्रत्येक गाडीमागे स्वतंत्र अर्जाने करावा. छगनरावांनी तेवीस कोरे कागद मोजून घेतले. ते पाहून धनुबाईंनी पदर खोचला.

"आते तुम्ही बठा आठे. मी जास."

त्या एकट्या गेल्या नाहीत. खांडबाऱ्याला सॅम्युअल नावाचा गाड्या रंगवणारा कारागीर होता. भिकनचा ट्रॅक्टर त्यानेच रंगवलेला. त्याला घेऊन त्या थेट कक्षाच्या आवारात उभ्या राहिल्या. छगनराव कागदांसकट मागोमाग आलेच.

सॅम्युअलने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, रंग एकच आहे. या रंगात पत्र्याची बारीक चुरी राहते, माशाच्या खवल्यासारखी. खवला आडवा पडला का उजेड सरळ तुमच्या डोळ्यात मारतो. तिरपा पडला का दुसरीकडे मारतो. बोनट आडवं, दार उभं. मागचा बंपर प्लास्टिकचा, त्याच्यावर खवला जरा येगळा बसतो. बस. एवढंच हाय."

"पुरावा?"

"पुरावा तुमच्या पायात हाय. तुमी दारापाशी या. ते साहेब पुढं जातील. आता बघा."

अधिकाऱ्यांनी जागा बदलल्या. राखाडीवाला बोनटपुढे आला आणि ओरडला, "चंदेरी!" चंदेरीवाला दाराशी गेला आणि किंचाळला, "राखाडी!" त्यांनी पुन्हा जागा बदलल्या. नवलसाहेब खाली वाकले, मग टाचा उंच करून उभे राहिले. "वर चंदेरी! खाली काळी! वर! खाली!" टंकलेखिका प्रिस्किलाबाई खुर्चीवर चढून पाहू लागल्या. कुणीतरी गाडीभोवती पळायला लागला, त्याच्यामागे दुसरा, मग अख्खा कक्ष बगलेत फायली मारून गोल गोल धावू लागला, आणि धावणाऱ्यांबरोबर गाडीवरून रंगही धावू लागला. तिसऱ्या फेरीला आपणही पळतो आहोत, हे छगनरावांच्या लक्षात आलं. त्यांना हसू फुटलं. निवृत्तीच्या निरोपसमारंभातही ते इतके हसले नव्हते. धनुबाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या, पण त्यांच्याही गालात हसू होतं. आता संपलं, असं त्यांना वाटलं.

नवलसाहेब धापा टाकत थांबले. घाम पुसून त्यांनी निष्कर्ष सांगितला. "म्हणजे दोष गाडीत नाही. दोष बघणाऱ्याच्या उभं राहण्यात आहे."

"तेच तर सांगतो साहेब," सॅम्युअल म्हणाला.

"मग उभं राहण्याचंच नियमन केलं पाहिजे."

शनिवारी एकरंगत्वाचा दाखला मिळाला, सशर्त. गाडीच्या नाकापासून बारा फुटांवर चुन्याच्या फक्कीने दोन फुटांचं वर्तुळ आखावं. हा शासनमान्य दर्शनबिंदू. या बिंदूवरून गाडी चंदेरी समजली जाईल. इतर ठिकाणाहून तिच्याकडे कुणी पाहू नये. पाहिल्यास जबाबदारी वाहनमालकाची. सॅम्युअलने दाखला वाचला, कपाळाला हात लावला आणि खांडबाऱ्याची गाडी पकडली.

रविवारी धनुबाई जरीची साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या. मागच्या सीटवर फक्कीची गोणी होती. रस्ताभर ठीक चाललं. शेतात माणसं वाकलेली होती, वर बघत नव्हती. पण अक्कलकुव्याला बाजार भरलेला. डोंगरातल्या गावांतून माणसं उतरलेली, हायवेवर गुजरातकडचे ट्रक, आणि जो तो नव्या गाडीकडे बघतोय. डावीकडून, उजवीकडून, ट्रकच्या टपावरून.

छगनरावांनी करकचून ब्रेक दाबला. ते खाली उतरले, बारा फूट मोजले आणि भर चौकात वर्तुळ आखलं. "एकेकाने या! वर्तुळात उभं राहून बघा! बाजूने बघू नका!"

खरं तर कुणाला बघायचं नव्हतं. पण वर्तुळ दिसलं, पुढे ओरडणारा माणूस दिसला, हातात शिक्क्याचा कागद दिसला. एक म्हातारा येऊन वर्तुळात उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. दहा मिनिटांत रांग कापडबाजारापर्यंत गेली. ट्रक थांबले. चालक उतरून रांगेत लागले.

"आहो, चला ना! वास्तू व्हई जाई!"

"थांब वं. अजून शंभर जन बाकी शेतस."

धनुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि दार उघडून उतरल्या. अगदी सावकाश उतरल्या. मात्र सीटकव्हरं बघायला तिथे भावजय नव्हती. त्यांनी कडेने निघालेली काळीपिवळी जीप हात दाखवून थांबवली, पिशवी मांडीवर घेतली आणि चढल्या. "हाई गाडी उघडपने दोन रंगनी शे," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पन पोचाडस."

छगनराव चार वाजता पोचले. पंगती उठल्या होत्या. धनुबाईंनी ताट झाकून ठेवलं होतं. त्यांनी ते पुढे सरकवलं. पहिला घास घेता घेता छगनरावांची नजर अंगणातल्या गाडीवर गेली आणि घास हातातच राहिला. दिवसभर चौकात ट्रकांच्या मध्ये उभी राहून गाडी नखशिखांत धुळीने माखली होती. बोनट, दार, मागची बाजू, सगळीकडे एकच रंग. ते उठले, उष्ट्या हातानेच तिच्याभोवती फिरले. कुठूनही पाहा, एकच.

"पुसू नको वं," ते हळूच म्हणाले. "आयुष्यात पुसू नको."

धनुबाई इतक्या हसल्या की भावजय स्वयंपाकघरातून बघायला आली.

चौकातली रांग मात्र मोडली नाही. गाडी निघून गेली तरी वर्तुळ होतं, आणि पुढे एक माणूस उभा आहे म्हटल्यावर मागचाही उभाच राहिला. सोमवारी नवलसाहेबांनी रांगेला मान्यता दिली आणि परिपत्रक काढलं. सदर गाडी ज्यांनी पाहिली, तिच्याविषयी ऐकलं किंवा वाचलं, अशा प्रत्येकाने ती आपणास कोणत्या रंगाची भासली व त्या वेळी आपण कुठे होता, हे लेखी कळवावं. तुम्हीही वाचताना ती मनात कुठल्या तरी रंगाची धरली असेलच, तेव्हा हे तुम्हालाही लागू आहे.

सध्या रांगेत तीनशे माणसं आहेत. रांग कशाची, हे एकालाही ठाऊक नाही. नव्याने येणारा पुढच्याला एवढंच विचारतो, "झेरॉक्स लागते का?"

हसू नका. परिपत्रक वाचताना तुमच्याही मनात तेच आलं.

लागते. दोन्ही बाजूंची.