शेवट न लिहिणारा साहेब

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं निमित्त, कधी पावसाचं. लोणावळ्यात पावसाचं निमित्त चार महिने सहज पुरतं. आता सोपान आबा राहिले नाहीत, आणि माझंही वय असं झालंय की उद्यावर फार काही टाकू नये.

भाजे गावचे हे सोपान आबा सर्वपित्री अमावास्येला आई-वडिलांच्या शेजारी तिसरं पान वाढत. ते एका इंग्रज कादंबरीकाराचं. माणूस विलायतेत जाऊन... म्हणजे विलायतेतच जन्मून, तिथेच कधीचा वारलेला. भात, खीर, वडे, आणि वड्यांशेजारी दोन ग्लुकोज बिस्किटं.

"त्येला वडं सोसायचं न्हाईत," आबा म्हणत. "चरित्रात लिवलंय, पोट नाजूक हुतं."

कावळा आई-वडिलांच्या पानाला लगेच शिवे. साहेबाच्या पानाकडे मात्र मान वाकडी करून बघत बसे. "त्येची वळख न्हाई," आबा कावळ्याची बाजू घेत. मग स्वतःच एक बिस्किट कुस्करून त्याच्यापुढे टाकत.

साहेबाचं नाव मी लिहीत नाही, कारण आबाही ते घेत नसत. वडीलधाऱ्याचं नाव घेऊ नये. नुसतं "साहेब" म्हटलं की भाज्यात कुणालाही कळे.

आबा रेल्वेत रूळ वळवणारे पॉइंटमन होते. सगळी नोकरी घाटात, कॅच सायडिंगच्या केबिनमध्ये. तिथला नियम असा, की उतरणीला लागलेली प्रत्येक गाडी बेकाबू आहे असंच धरायचं आणि मार्ग चढावाच्या आडलाइनीकडे वळवून ठेवायचा. गाडी थांबली, ड्रायव्हरने शिट्टी दिली, खात्री पटली, की मगच तिला खाली सोडायची. निवृत्त झाल्यावर आबांनी हा नियम माणसांना लावला. "आदी संशय, मग सिग्नल!" पाहुण्याने अंगणाच्या कडेला थांबायचं, खाकरायचं. भाचीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी अर्धा तास उन्हात उभं केलं आणि बहिणीला म्हणाले, "ह्यो लय वेगात आलाय. जरा थंड हुंदे." मुलगा थंड झाला, आणि परत गेला.

इंग्रजी ते रेल्वेच्या नियमपुस्तकावर शिकलेले. त्यामुळे कादंबरीही चौकशी अहवालासारखी वाचत. "ह्या पोरीनं सिगनल न बघताच लगीन केलं," किंवा "चूक वकिलाची हाय, त्येला सस्पेंड कराया पायजे." बोट ओळीखाली धरून, एका पुस्तकाला दोन-तीन महिने.

मी लोणावळ्याच्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. खंडाळ्यातला एक बंगला विकला गेला तेव्हा मालकाने साहेबाच्या अकरा कादंबऱ्या आणि एक चरित्र आम्हाला देऊन टाकलं. मी तो संच भिंतीकडच्या खालच्या कप्प्यात ठेवला. दोन पावसाळे गेले. आमच्याकडे पुस्तकं कशी होतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी ती काढून शेगडीवर दोरी बांधून वाळवली. अकराही कादंबऱ्यांची शेवटची पानं बुरशीने पुठ्ठ्याला घट्ट चिकटलेली होती. सोडवायची तर वाफेवर धरून एकेक पान उचलावं लागतं. मला ते येत होतं. कंटाळा केला. हे कोण वाचणार, असं म्हणत पट्टीने खरवडून काढली आणि त्याच शेगडीत टाकली.

पुढच्याच वर्षी आबा सभासद झाले.

पहिलं पुस्तक परत करताना त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्यो साहेब शेवट का लिवत न्हाई?"

मी म्हणालो, "मोठ्या लेखकांचं तसंच असतं, आबा. शेवट वाचकावर सोडतात."

"आसं व्हय!" आबा म्हणाले. ते इतक्या चटकन मानलं गेलं की मलाच संशय आला. हा प्रत्येक गाडीला अडवणारा माणूस, मला कसा सोडतो? पुढे प्रत्येक पुस्तक परत करताना आबा ते उजेडाकडे धरून त्याची शिवण बघत, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत. वाटे, आज विचारणार. पण ते विचारत, "पुढचा भाग हाय का?"

शेवट मग ते स्वतः लावत. संध्याकाळी भाऊ बबनरावांच्या ओट्यावर सगळी गोष्ट सांगत. आबांचं लग्न झालेलं नव्हतं, जेवण बबनरावांकडे. बबनराव लेण्यांच्या पायथ्याशी भज्यांची गाडी लावतात. आबांच्या शेवटात, परदेशी गेलेला असो की तुरुंगात गेलेला, जो तो घरी परत येई आणि सगळे एका पंगतीला बसत. "दादा, तुझ्या सायबाच्या बुकात लय जेवनावळी!" बबनराव म्हणत. अमावास्येला मात्र साहेबाला उद्देशून आबा म्हणत, "पान वाढलंय. पर पुढच्या जन्मी शेवट लिवत जा."

मग वाचनालयाला कुणीतरी काचेचं कपाट दिलं आणि अध्यक्षांनी त्यात ठेवायला तो संच मागवला. पानं गेलेली दिसली. बैठकीत त्यांनी मला विचारलं, "ही पुस्तकं कोण नेतं?"

मी रजिस्टर पुढे केलं. "एकच नाव आहे."

खोटं बोललो नाही. तेवढंच बोललो.

आबांना बोलावलं. ते दाराशी थांबले, खाकरले. अध्यक्षांनी पुस्तक उघडून दाखवलं. आबा म्हणाले, "मास्तर म्हनले हुते, साहेब शेवट लिवतच न्हाई." सगळी बैठक हसली. आबा माझ्याकडे वळले. "सांगा की, मास्तर."

मी रजिस्टरची पानं सरळ करत बसलो.

त्यांचं नाव कमी झालं. ते चपला घालून निघून गेले. मला वाटलं, आता हे मला ओळखून चुकले. मी पुढची कित्येक वर्षं भाज्याजवळच्या मळवली स्टेशनवर उतरायचं टाळलं.

निवृत्त झाल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात साहेबाची पुस्तकं सापडली. एकेक करत ती अकरा जमवली आणि एका रविवारी धीर करून भाज्याला गेलो. अंगणाच्या कडेला थांबलो, खाकरलो. आबांना मोतीबिंदूने धड दिसत नव्हतं. स्वतः चूल फुंकत होते. दोघा भावांच्या घरांमधल्या ओट्यावर पत्रा उभा केलेला.

"बबनराव कुठे?" मी विचारलं.

"त्येचं नाव काडू नका." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, तुमाला तवाच ठावं हुतं ना? घरातलाच चोर हाय म्हून. पानं मी फाडली न्हाईत. तुमी खोटं बोलनार न्हाई. मग ऱ्हायलं कोन? माज्या साहेबाचा शेवट ह्यानं कांदाभज्याला गुंडाळला! तुमी माजी आब्रू राखायला म्हनला, साहेब शेवट लिवत न्हाई. बैठकीत बी गप ऱ्हायला. लय उपकार."

पत्र्यापलीकडून बबनरावांचा आवाज आला, "दादा, शंभरदा सांगितलं, मी पेपरात बांदतो! बुकात न्हाई!"

"आदी संशय," आबा पत्र्याला म्हणाले. सिग्नल त्यांनी दिला नाही.

बबनरावांनी एकही पान कधी घेतलं नाही, हे मी इथे लिहून देतो. तेव्हा तिथे सांगायचं होतं. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हणालो, "आबा, शेवट सापडलेत. वाचू का?"

अकरा रविवार वाचले. मराठीत सांगत सांगत. शेवट आबांना फारसे पसंत पडले नाहीत. "नुस्तं लगीन लावून मोकळा झाला? म्हातारा तितंच एकला ठिवला? मी तर त्येला घरी आनला हुता." प्रत्येक रविवारी ठरवून जायचो, पुस्तक मिटलं की बोलायचं. प्रत्येक रविवारी आबा म्हणायचे, "तुमच्यावानी मानूस न्हाई, मास्तर," आणि चहा टाकायला उठायचे.

शेवटच्या रविवारी मी चिठ्ठी लिहून नेली. 'पानं मी जाळली. बबनरावांचा दोष नाही. मला क्षमा करा.' एवढंच. वाचून झाल्यावर ती पुस्तकात ठेवली आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. वाटलं, कुणाकडून तरी वाचून घेतील. तोवर मी गाडीत असेन.

आबांनी पानांवरून हात फिरवला. बोटांना चिठ्ठी लागली. ती डोळ्यांशी नेऊन पाहिली.

"ह्ये काय हाय, मास्तर? काय लिवलंय?"

पलीकडे बबनराव खोकले.

"काही नाही, आबा," मी म्हणालो. "पानाची खूण आहे."